दुबईच्या अपघातानंतर, एका शिकाऊ वैमानिक मुलीस

प्रिय पोरी,

परवा रात्री तुझे एकामागून एक मेसेज आले. दुबईचा व्हिडिओ, त्यावर लाल बाण काढून कुणीतरी केलेलं विश्लेषण, आणि खाली तुझा प्रश्न: "सर, इथे ओढायला उशीर झाला ना?" म्हणजे, दांडी मागे ओढून विमान वर घ्यायला वैमानिकाला उशीर झाला का. फोनवर उरकावं असं ते उत्तर नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

२१ नोव्हेंबर २०२५ ला दुबई एअर शोमध्ये आपलं तेजस लढाऊ विमान कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. हवाई दलाने कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे चौकशी समिती, नेमली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या क्लिपमध्ये नाही. मोबाईलच्या लेन्सला उंची कळत नाही, अंतर आक्रसून दिसतं, कॉकपिटमध्ये कोणता दिवा पेटला होता ते तर दिसतच नाही. कंट्रोलने साथ सोडली असो, इंजिनाने दगा दिला असो, जीमुळे (झटक्यात वळताना अंगावर येणारा, वजनाच्या कितीतरी पट भार) माणसाची शुद्ध हरपली असो किंवा अंदाज चुकला असो, बाहेरून शेवटची चार सेकंदं सारखीच दिसतात. त्यावर बाण काढणाऱ्याला हे माहीत असतं, तर त्याने बाण काढले नसते.

तो व्हिडिओ पुढे पाठवू नकोस. तू पुण्यात राहतेस. लोहगावला सुखोईचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए आहे, आणि शहरातल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये गणवेशातली घरं आहेत. तू ज्यांना तो पाठवशील, त्यांच्यात कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ आत्ता याच कामावर असेल.

आता आपल्या लोकांबद्दल. असा अपघात झाला की उडणाऱ्यांच्या बैठकीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. बेगमपेटला ३ मार्च २०१० ला नौदलाच्या सागर पवन या कसरती चमूचं किरण विमान पडलं आणि दोन अधिकारी गेले, तेव्हा ऐकली. येलहंकाला १९ फेब्रुवारी २०१९ ला हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरती चमूची दोन हॉक विमानं सरावात एकमेकांवर आदळून विंग कमांडर साहिल गांधी गेले, तेव्हाही ऐकली. पहिलं वाक्य: चूक त्याचीच होती. दुसरं: आवडीचं काम करता करता गेला.

पहिल्यात भीती असते. चूक त्याची ठरली की आपण सुटलो, असं मन समजूत घालतं. पण प्रेक्षकांसमोर कसरती (डिस्प्ले) उडवायला निवडलेला माणूस तुझ्या-माझ्यापेक्षा कैक पटींनी तयार असतो. त्याच्यावर जी वेळ आली ती आपल्यावर येणारच नाही, हे कशाच्या जोरावर म्हणायचं? दुसरं वाक्य मला जास्त सलतं. घरच्यांनी त्यात आधार शोधला तर तो त्यांचा हक्क आहे. पण वैमानिकांनी आपापसांत ते म्हटलं की पुढचं बोलणंच खुंटतं. कोणालाही आकाशात मरायची आवड नसते. त्या माणसाला उतरून चहा प्यायचा होता.

या दोन्हींच्या पलीकडे एक कंटाळवाणं काम असतं, आणि ते वर्षा-दीड वर्षाने करायचं असतं, जेव्हा सगळे विसरलेले असतात. ते म्हणजे अहवाल वाचणं. सगळे अहवाल खुले होत नाहीत, पण जे झाले आहेत त्यांतला एक तू वाचच: इंग्लंडमधला शोरमचा. २२ ऑगस्ट २०१५ ला हॉकर हंटर हे एक जुनं लढाऊ जेट लूपमधून (हवेतल्या उभ्या वर्तुळातून) बाहेर पडता पडता रस्त्यावर कोसळलं. रस्त्यावरची ११ माणसं गेली, वैमानिक वाचला. तपासात निघालं की लूपच्या माथ्यावर किमान ३,५०० फूट हवे होते, तिथे विमान साधारण २,७०० फुटांवर होतं. आणि पुढची गोष्ट वाचताना मी थांबलो होतो: माथा ओलांडल्यावरही चार सेकंदांपर्यंत लूप सोडून सुटता आलं असतं. म्हणजे वाट होती. विमान उलटं असताना, अंगावर जीचा भार असताना, उंची पाहून "कमी आहे, सोड" हा निर्णय तिथल्या तिथे घ्यायचा म्हटलं तर चार सेकंद पुरत नाहीत. तो जमिनीवरच घेऊन मग वर जावं लागतं.

हे तुला नवं नाही. हडपसरला बिनइंजिनाचं ग्लायडर विंचवर (केबल गुंडाळून खेचणाऱ्या यंत्रावर) वर जायचं, तेव्हा केबल ताणली जाण्याआधी शिकाऊ मुलाकडून आम्ही मोठ्याने म्हणवून घ्यायचो: केबल तुटली तर आधी नाक खाली, वेग जमवायचा, केबल सोडायची, अमुक उंचीखाली असलो तर सरळ पुढेच उतरायचं. रोज, प्रत्येक लाँचला. पोरं कंटाळायची. पण नाक आभाळाकडे असताना धाडकन केबल तुटली की विचार करायला वेळच नसतो, हात आपसूक पुढे जातात. एरोबॅटिक्समधलं, म्हणजे हवाई कसरतींमधलं, गेट म्हणतात ते हेच. माथ्यावर इतकी उंची, इतका वेग. दोन्हींपैकी एक जरी कमी असलं, तरी अर्धा रोल करून (विमान लांबीच्या अक्षाभोवती अर्धं फिरवून) सरळ व्हायचं आणि निघायचं. प्रेक्षक बघत असोत, परीक्षक बघत असोत, कुणीही असो.

पुढच्या वर्षी तू परदेशात एरोबॅटिक्सचा कोर्स करायचा म्हणतेस. जरूर कर. तिथे समुद्राकाठच्या थंड हवेत शिकलेले आकडे घेऊन मात्र इथे येऊ नकोस. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकला की हवा इतकी विरळ होते की एअरस्पीड इंडिकेटर (कॉकपिटमधला वेगदर्शक काटा) ताशी २१६ किलोमीटर दाखवतो तेव्हा विमानाचा खरा वेग २३३ च्या आसपास असतो. काटा तोच, हाताला जाणवणारं ओझं तेच. पण वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. चार जी ओढून लूपच्या तळाशी जी त्रिज्या १२० मीटर यायची, ती १४० वर जाते. हे वरचे वीस मीटर काट्यावर कुठेच दिसत नाहीत. आणि घाबरून आणखी ओढशील, तर लक्षात ठेव, चार जीला स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत) दुप्पट झालेला असतो.

शरीराचंही तसंच. निगेटिव्ह जी (सीटवरून वर उचलणारा, उलट दिशेचा भार) घेऊन लगेच पॉझिटिव्हमध्ये ओढलंस, तर एरवी सहज सोसलेल्या जीलाही डोळ्यांपुढे अंधारी येते. आदल्या रात्री झोप झाली नसेल, पाणी कमी प्यायलं असेल, तर आणखी लवकर. त्या दिवशी उडायचं नाही. माझं मत विचारशील तर पहिली दोन वर्षं तीन हजार फुटांखाली एकही कसरत नको. कसलेल्या स्पर्धकांना सर्वोच्च गटात १०० मीटरपर्यंत खाली यायची मुभा असते. त्यांच्याकडे बघून आपली उंची ठरवायची नाही.

तुझ्या आईचा फोन आला होता. तिने टीव्हीवर सगळं पाहिलंय, त्यामुळे "काही होत नाही गं" असं तिला म्हणू नकोस, तिला ते पटणार नाही. कोणत्या उंचीखाली तू जाणार नाहीस, शेजारी कोण बसणार, कोणत्या दिवशी उडायला नकार देणार, हे तिला कागदावर लिहून दे.

रविवारी ये. शोरमच्या अहवालातली लूपबद्दलची पानं छापून आण, लॉगबुक आण, आणि जमलं तर आईलाही घेऊन ये. सकाळी लवकर निघा, मला दहानंतर बाहेर जायचंय.

तुझा,
सर