रिकाम्या वाड्यांची छायाचित्रे

प्रश्न : कसबा, शनिवार आणि नारायण पेठेतील बंद पडलेल्या वाड्यांची छायाचित्रे काढण्याची माझी इच्छा आहे. काही वाड्यांचे दिंडी दरवाजे उघडेच असतात. तरीही आत जाण्यास परवानगी लागते का? आणि अंधाऱ्या माजघरात फ्लॅश वापरावा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : दरवाजा सताड उघडा असला तरी परवानगी लागते. पेठांमधील रिकामा वाडा क्वचितच बेवारस असतो. जुन्या भाडेकरूंशी चाललेला दावा, वारसांची रखडलेली वाटणी किंवा विकसकाशी अडलेला करार यांपैकी काहीतरी त्या कुलपामागे असते आणि कधीकधी मागच्या सोप्यात एखादे कुटुंब अजून राहतही असते. मालकाचा पत्ता शेजारच्या पिढीजात दुकानदाराला बहुधा ठाऊक असतो. मालकांनी नकार दिल्यास रस्त्यावरून दर्शनी भाग टिपून समाधान मानावे.

परवानगी मिळाली तरी माडीवर जाऊ नये, असा माझा आग्रह राहील. पेशवाई धाटणीच्या वाड्यात सागवानी तुळयांवर कड्या (आडवे बारीक वासे), त्यांवर किलचण (लाकडी चिपांचे आच्छादन) आणि तिच्यावर मातीचा जाड थर असतो. कौले फुटली की पावसाचे पाणी या मातीत मुरते, तिचे वजन वाढते, आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोके, जी बाहेरून दिसतच नाहीत, ती कुजू लागतात. त्यामुळे धडधाकट वाटणारी जमीनही पायाखाली खचू शकते. पावसाळ्यात तर आत पाऊल टाकूच नये. महापालिकेने धोकादायक इमारतीची नोटीस लावलेली असेल, तर मालकांचा होकारही पुरेसा समजू नये. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते, म्हणून एन-९५ मास्क लावावा आणि सोबत कोणीतरी असावे.

फ्लॅश मात्र घरीच ठेवावा. खांबावरचे केळफूल किंवा चौकटीवरची गणेशपट्टी समोरच्या प्रकाशात सपाट दिसते. चौकातून तिरपे ऊन आले की कोरीव कामाचा उठाव स्पष्ट होतो. कॅमेरा ट्रायपॉडवर समतल ठेवावा, नाहीतर खांब कललेले दिसतात. आयएसओ १००, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ आणि लागेल तेवढा दीर्घ उद्भासन काळ (एक्स्पोजर) ठेवावा. चौकातले आकाश आणि ओसरीतला काळोख एका उद्भासनात मावत नाहीत, त्यामुळे कमी-अधिक उद्भासनाची तीन छायाचित्रे घेऊन ती नंतर जोडावीत.

शेवाळलेल्या भिंतींची हुरहूर लावणारी चित्रे पुष्कळ निघतात. तळखडा (खांबाखालचा दगड), हस्त (खांबावरचा तुळईला आधार देणारा कोरीव तुकडा) आणि लाकडी सांधे शेजारी फूटपट्टी ठेवून टिपणारे फार थोडे. लाकूडकामच आधी नष्ट होते. शनिवारवाड्यातील महाल १८२८ च्या आगीत जळाले आणि जोती उरली. सुरूच्या झाडासारखे घडवलेले सुरूदार खांब आधी विश्रामबागवाड्यात नीट न्याहाळावेत, म्हणजे पडक्या वाड्यात काय शोधायचे ते कळते.

छायाचित्रे प्रसिद्ध करताना वाड्याचा नेमका ठिकाणा देऊ नये आणि फाइलमध्ये आपोआप नोंदले जाणारे स्थान काढून टाकावे, कारण कोरीव दरवाजे आणि खांब उचलून विकणारेही ही चित्रे पाहत असतात.