कोकणातल्या घरी बसून सेकंड लाइफ या इंटरनेटवरच्या आभासी जगात थेट गाता येतं का? श्रोते समोर नसताना रंगत येते का?

येतं, आणि रंगतही येते. मी कुडाळजवळच्या गावातून तिथे पेटीवर अभंग आणि नाट्यगीतं गातो. पण तिथे दाद उशिरा पोचते, याची तयारी ठेवा.

लॅपटॉपवरून तुमचं गाणं आधी शाउटकास्ट किंवा आइसकास्ट या थेट आवाज पाठवणाऱ्या सर्व्हरवर जातं. त्याचा पत्ता तिथल्या जागेच्या मालकाने आपल्या जमिनीच्या सेटिंगमध्ये टाकला, की त्या जागेवरच्या सगळ्या अवतारांना, म्हणजे तिथे आकृती घेऊन वावरणाऱ्या लोकांना, ते ऐकू येतं. या वाटेत दहा सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ जातो. तुम्ही समेवर आलात त्याची ‘वाह’ चॅटमध्ये उमटते, तेव्हा तुम्ही पुढच्या अंतऱ्यात असता. देवळात पखवाजवाल्याच्या नजरेला नजर देऊन गायची सवय असलेल्याला हे फार खुपतं. दादेची वाट बघत थांबू नका. दोन गाण्यांच्या मध्ये चॅट वाचा, नावं घेऊन बोला, कुणी सांगितलं तर ओळ पुन्हा घ्या. लोक त्यासाठीच येतात. रेकॉर्डिंग त्यांना कुठेही मिळतं.

दोन गावांतून एकाच वेळी जुगलबंदी मात्र मनासारखी होत नाही. पहिल्याचं गाणं ऐकत दुसरा त्यावर आपलं चढवून पुढे पाठवतो, ही युक्ती तिथे चालते. श्रोत्यांना दोघं एकत्र ऐकू येतात, पण पहिल्याला दुसरा ऐकूच येत नाही. मग कसली जुगलबंदी! आपली डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, त्यापेक्षा कितीतरी चांगली बसते. बुवा आळीपाळीनेच गातात, त्यामुळे एकाने स्ट्रीम सोडायचा आणि दुसऱ्याने जोडायचा. सवालाचा जबाब अर्ध्या मिनिटाने आला तरी बारीचा रंग उतरत नाही.

तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालतं. त्यांचे संध्याकाळचे 7 म्हणजे उन्हाळ्यात आपले सकाळचे 7:30, हिवाळ्यात 8:30. गळा रियाजाने तापलेला असतो, म्हणून मी तेव्हा भैरव, तोडी मनापासून गातो, त्यांची संध्याकाळ असली तरी.

128 केबीपीएसच्या आवाजाला नेट फार लागत नाही. खरी काळजी लाईटची: पावसाळ्यात लॅपटॉपइतकाच राउटरही इन्व्हर्टरवर हवा. पत्र्याखाली गाऊ नका, सर आली की माइक तिचाच आवाज घेतो. बक्षिसी लिंडेन डॉलर या तिथल्या चलनात मिळते, पण साधारण अडीचशेला एक अमेरिकन डॉलर, तेव्हा तिच्यावर घर चालेल असं धरू नका. आधी एखाद्या छोट्या जागेच्या मालकाकडे अर्धा तास मागून घ्या आणि शेवटी गजर ठेवा.