‘चांगले कोलेस्टेरॉल’ : विशेषण नेमके कोणाचे?

प्रश्न असा आहे : एचडीएलला (हाय डेन्सिटी लिपोप्रोटीनला) ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणावे का? नाही तर मराठीत काय म्हणावे? आणि ‘तो एचडीएल’ की ‘ते एचडीएल’?

आधी समास सोडवू. ‘एचडीएल कोलेस्टेरॉल’चा विग्रह बहुतेक जण ‘एचडीएल हेच कोलेस्टेरॉल’ असा करतात, म्हणजे कर्मधारय समजतात. खरा विग्रह ‘एचडीएलमधले कोलेस्टेरॉल’, सप्तमी तत्पुरुष. एचडीएल हा रक्तात फिरणारा कण आहे, साधारण ७ ते १२ नॅनोमीटरचा, मेद आणि प्रथिने मिळून झालेला. कोलेस्टेरॉल हा त्यातला एक प्रवासी. एलडीएल या कमी घनतेच्या दुसऱ्या कणामधून ‘वाईट’ म्हणून हिंडणारा कोलेस्टेरॉलचा रेणूही हाच, त्यात एका अणूचा फरक नाही. तेव्हा ‘चांगले’ लावायचेच तर ते कणाला लागेल.

पण कणाला तरी लागते का?

हे विशेषण रूढ झाले ते एका खऱ्या निरीक्षणावरून. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घकालीन हृदयविकार-अभ्यासात १९७७ साली दिसले की एचडीएलमधले कोलेस्टेरॉल कमी असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो. हे कण धमन्यांच्या भिंतीतल्या पेशींकडून जादा कोलेस्टेरॉल उचलतात आणि ते यकृताकडे पोहोचते, हेही खरे. मग या कोलेस्टेरॉलचा आकडा वाढवणारी औषधे आली. त्यांतल्या टॉरसेट्रॅपिबने तो ७० टक्क्यांहून जास्त वाढवला, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. उलट इटलीतल्या लिमोने सुल गार्दा या गावात एका कुटुंबशाखेत एचडीएल फारच कमी आढळले, तरी त्या लोकांत हृदयविकार मात्र नावापुरता. खूप चढलेला आकडाही शुभ नसतो, हे अलीकडच्या मोठ्या लोकसंख्या-अभ्यासांत दिसले आहे. मराठीत ‘चांगलाच ताप आहे’ म्हणतो तेव्हा ‘चांगला’ फक्त प्रमाण सांगतो. इथेही तेवढाच अर्थ घेतला असता तर घोटाळा टळला असता!

शिवाय या कणाला कोलेस्टेरॉलपुरता धरणे हाच मुळात अन्याय. त्यावर ८० हून अधिक प्रकारची प्रथिने सापडली आहेत. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचे उदाहरण घ्या. माणसाच्या रक्तात शिरलेला ट्रिपॅनोसोम, म्हणजे या रोगाच्या कुळातला परजीवी, हीमच्या (हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त घटकाच्या) ओढीने एचडीएलचे ठरावीक कण स्वतःच गिळतो. त्यांच्यावर अ‍ॅपोएल-१ नावाचे प्रथिन असते. ते परजीवीच्या आत जाऊन पटलांना भोके पाडते आणि तो फुगून मरतो. परजीवीच्या ज्या दोन उपजाती माणसाला गाठतात, त्यांनी यावर तोड काढली आहे. आणि याच प्रथिनाचे काही जनुकीय प्रकार, जे आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतात, मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका वाढवतात. आता याला चांगले म्हणायचे की वाईट?

जिवाणूंची विषे बांधून ठेवणे, रक्तवाहिन्यांचे अस्तर सांभाळणे हीही याचीच कामे. मात्र अंगात तीव्र दाह उसळला की कणावरचे मुख्य प्रथिन, अ‍ॅपोए-१, बाजूला सारून दुसरी प्रथिने जागा घेतात. मग दाह शमवण्याची त्याची ताकद घटते. रक्ततपासणीच्या अहवालात यातले काहीच उमटत नाही. तिथे फक्त प्रवाशांची मोजदाद असते.

पर्यायी शब्दांचे म्हणाल, तर ‘उच्च घनता लिपोप्रोटीन’ मला खटकते. ‘उच्च रक्तदाब’ या वळणाने वाचणाऱ्याला वाटते, हे कुठल्या तरी वाढलेल्या गोष्टीचे नाव आहे. इथे ‘उच्च’ फक्त कणाची घनता सांगतो : प्रथिनांचा वाटा जास्त, म्हणून कण जड, दर मिलिलिटरला १.०६३ ते १.२१ ग्रॅम. ‘दाट मेदप्रथिन’ हा शब्द मला आवडतो, पण दवाखान्यात तो कोणी उच्चारणार नाही. म्हणून बोलताना सरळ ‘एचडीएल’ म्हणा, लिहिताना ‘एचडीएल कण’ म्हणा आणि अहवालातल्या आकड्याला ‘एचडीएलमधले कोलेस्टेरॉल’. एवढी तीन रूपे पुरतात.

लिंगाचा वाद नको. ‘कोलेस्टेरॉल’, ‘प्रथिन’ नपुंसक, म्हणून ‘माझे एचडीएल कमी आले’ हेच रूढ आहे आणि बरोबरही. ‘कण’ जोडलात की पुल्लिंग.