एक चांदणी, अनेक उच्चार

प्रश्न : प्राचीन इराकमधल्या कीलाक्षर लिपीच्या, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीच्या, कोशात एकाच चिन्हापुढे ‘अन’, ‘डिंगिर’ आणि ‘इल’ असे तीन उच्चार दिसतात. खरा कुठला?

तिन्ही खरे. मुळात हे चांदणीचं चित्र, आठ टोकांचं. सुमेरियन या तिथल्या जुन्या भाषेत ‘अन’ म्हणजे आकाश, आणि आकाशाचा देवही अनच. ‘डिंगिर’ म्हणजे देव. तिथलीच दुसरी भाषा, अक्केडियन, बोलणाऱ्यांनी लिपी उचलली आणि तेच चिन्ह आपल्या भाषेत वाचायला लागले : देव असेल तर ‘इलुम’, आकाश असेल तर ‘शमू’. ५ हा आकडा आपण ‘पाच’ वाचतो, कन्नड माणूस ‘ऐदु’, तसंच. शिवाय अर्थ सोडून नुसत्या ध्वनीसाठीही ते वापरलं : ‘अन’, आणि इलुमवरून ‘इल’.

प्रश्न : मग कुठे काय वाचायचं, हे कसं कळायचं?

आपण ‘४था’ लिहितो, पण ‘चारथा’ कुणी वाचत नाही. तो ‘था’ फक्त इशारा. चांदणीपुढे ‘लुम’ आलं की वाचा ‘इलुम’, ‘ए’ आलं की ‘शमे’ (आकाशाचं एक विभक्तिरूप). इशारा नसला की संदर्भ बघायचा. माझं आवडतं उदाहरण बॅबिलोनचं : लिहिताना सुमेरियन ‘का-डिंगिर-रा’, देवाचं दार, वाचताना अक्केडियन ‘बाबिलिम’. लिहिलेलं एका भाषेत, तोंडात दुसरी!

प्रश्न : एन्लिल, इश्तार या देवतांच्या नावाआधीही हेच चिन्ह असतं. ते उच्चारायचं का?

नाही. ‘पुढचं नाव देवाचं आहे’ एवढंच ते डोळ्यांना सांगतं. आपल्या ‘श्री’सारखं म्हणावं, तर श्री आपण मोठ्याने म्हणतो. रोमन लिप्यंतरात त्याजागी वर चढवलेला बारका ‘डी’ (डिंगिरचा) दिसेल.

प्रश्न : दंडावर हे चिन्ह आणि पुढे माझं नाव कीलाक्षरांत गोंदवायचंय. चालेल?

चांदणी खुशाल गोंदवा, पुढे नाव नको, नाहीतर तुम्हीच देव ठराल! अक्कडच्या नराम-सिनने नेमकं हेच केलं. इ.स.पू. २३व्या शतकातल्या या राजाने हयातीतच आपल्या नावाआधी चांदणी लावली. इराकमध्ये बसेत्की इथे सापडलेल्या तांब्याच्या पुतळ्यावरचा लेख सांगतो की, शहर संकटातून वाचवल्याबद्दल नागरिकांनीच देवांकडे मागणी केली, याला आमच्या नगराचा देव करा. आणि त्याचं देऊळ बांधलं. मजकूर राजाचाच, तेव्हा नागरिकांचा उत्साह किती खरा धरायचा ते तुम्ही ठरवा. २००३मध्ये बगदादच्या संग्रहालयातून हा दीडशेएक किलोचा पुतळा चोरीला गेला आणि त्याच वर्षी मैल्याच्या टाकीतून बाहेर काढावा लागला.

राहता राहिला आकार. आठ टोकांची चांदणी हवी तर जुनं रूप घ्या. उत्तरकालीन अ‍ॅसिरियन वळणात तिचे तीनच खिळे उरतात, दोन आडवे आणि एक उभा. गोंदवणाऱ्याला आधी कागदावर काढून दाखवा : आडव्या खिळ्याचं डोकं डावीकडे, उभ्याचं वर. छापा उलटा बसला तर ते चिन्हच राहणार नाही.