सोसायटीत ईशान्येकडच्या भाडेकरू मुलींना हिणवतात, घर सोडायला लावतात. मी एकट्याने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला इंदिरानगर भागात तुमची चाळीस फ्लॅटची सोसायटी आहे आणि नागालँडच्या दोन मुली तिथे भाड्याने राहतात. पार्किंगमधून जाता-येता काही जण त्यांना 'चिंकी' (चेहऱ्यावरून हिणवणारा शब्द) म्हणून हाका मारतात, स्वयंपाकाचा वास येतो म्हणून तक्रारी करतात, आणि आता कमिटी घरमालकाच्या मागे लागली आहे की फ्लॅट रिकामा करून घ्या. तुम्हाला हे पटत नाही, पण आपण एकटे पडू अशी धास्ती वाटते.

धास्ती रास्त आहे. तरीही आधी हे सांगतो की तुमच्याकडून लागणारी मुख्य गोष्ट कमिटीशी भांडण ही नाहीच. अशा प्रकरणांत तावातावाने बोलणारे चार जण मिळतात, 'मी हे पाहिलं, मी हे ऐकलं' असं लिहून खाली सही करणारा एकही मिळत नाही. प्रकरणं तिथेच बसतात. तुम्ही सही करणारा माणूस व्हा, बाकीचं त्यावर उभं करता येतं.

सुरुवात त्या मुलींना विचारण्यापासून करा. घरातली बाईमाणसं सोबत घेऊन जा, हिंदीत बोला आणि त्यांना काय हवंय ते ऐकून घ्या. काहींना तक्रार हवी असते, तर काहींना फक्त करार संपेपर्यंत शांतपणे राहायचं असतं, कारण नोकरी पार्लरमध्ये किंवा हॉटेलात असते आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत रोज बुडतो. त्यांच्या परवानगीशिवाय सोसायटीच्या ग्रुपवर त्यांची बाजू मांडायला जाऊ नका. परिणाम त्यांना भोगावे लागतात, म्हणून निर्णयही त्यांचाच.

डोळ्यांदेखत प्रकार घडला तर बोलणाऱ्याच्या अंगावर जाऊ नका. मुलीच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि तिच्याशीच बोला: "चला, मी पण वरच निघालोय." समोरच्याला प्रेक्षक मिळाला नाही की बहुतेक वेळा तो आवरतं घेतो. चित्रण करायचं असेल तर तीन-चार मीटरवरून, मोबाइल आडवा धरून, न थांबता करा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवली की तिचा आकार आणि दर्जा घटतो, मूळ तपशील पुसले जातात आणि पुढे तिच्यावर प्रश्न उभे राहतात. सोशल मीडियावर टाकण्याचा मोह तर टाळाच. त्यात मुलींचे चेहरे गावभर होतात.

त्याच रात्री नोंद करा. तारीख, वेळ, जागा, कोण बोललं, आणखी कोण हजर होतं, आणि शब्द जसेच्या तसे. 'अपशब्द वापरले', 'अपमानास्पद बोलले' असं लिहिणं हा सगळ्यात महागात पडणारा संकोच आहे. कायद्याला अपमान कोणत्या कारणाने झाला हे बघायचं असतं, आणि ते त्या नेमक्या शब्दातूनच दिसतं. शिवी लिहायला लाज वाटली तरी लिहा.

सीसीटीव्हीचं काम त्याहून घाईचं. सोसायट्यांच्या डीव्हीआरवर, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, जुनं चित्रण आपोआप पुसून नवं चढतं. हार्डडिस्क लहान आणि कॅमेरे जास्त असले तर दोन-तीन आठवड्यांत सगळं जातं. म्हणून घटनेनंतर एक-दोन दिवसांतच सेक्रेटरींना लेखी पत्र द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, पार्किंग आणि गेटच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. प्रत मिळाली तर ती पेनड्राइव्हवर थेट डीव्हीआरमधून घ्या, स्क्रीनचं मोबाइलवर केलेलं चित्रण नको. डीव्हीआरचं घड्याळ बऱ्याचदा पुढेमागे असतं. स्क्रीनशेजारी मोबाइलचं घड्याळ धरून एक फोटो काढून ठेवा, म्हणजे वेळेच्या फरकावरून नंतर वाद होत नाही. न्यायालयात असा पुरावा देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतील.

आता कमिटी. आपला फ्लॅट भाड्याने द्यायला आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) सोसायटीची परवानगी लागत नाही. सभासदाने करारापूर्वी आठ दिवस आधी कळवायचं असतं. करार नोंदणीकृत हवा, भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिलेली हवी. एवढे कागद घरमालकाकडे असतील तर 'आम्हाला असले भाडेकरू नकोत' याला काही आधार उरत नाही. म्हणून घरमालकाला गाठून हे कागद आधी तपासा. अडचण बहुतेक तिथेच निघते: करार नोटरीवरच उरकलेला असतो किंवा पोलीस ठाण्याची पोच नसते, आणि कमिटी नेमकं तेच बोट धरते. कागद पुरे झाले की घरमालकाने एक पानी उत्तर द्यावं आणि आक्षेप कोणत्या उपविधीखाली आहे ते लेखी विचारावं. पाणी बंद करणं, लिफ्ट नाकारणं, वॉचमनला गेट उघडू नको म्हणणं हे कमिटीच्या अधिकारात बसत नाही. तसं झालं तर वाट न बघता ११२ वर फोन करा.

सभेत विषय न्यायचा असेल तर एक पंचमांश सभासदांच्या मागणीवरून विशेष सर्वसाधारण सभा बोलावता येते. तुमच्याकडे चाळीस सभासद, म्हणजे आठ सह्या. पण सह्या मोजून घेतल्याशिवाय सभा मागू नका. तयारी नसताना मागितलेल्या सभेत उलटाच ठराव मंजूर होतो आणि मग त्याविरुद्ध उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा सहकार न्यायालयात जाण्यात महिने जातात. आठ जण पक्के नसतील तर चार घरांत चहाला जा, एकेकाशी बोला. वासाचा मुद्दा हमखास निघेल. आंबवलेल्या सोयाबीनचा किंवा सुक्या मासळीचा वास उग्र असतो हे खरंच आहे, आणि आपल्याकडे सुकट-बोंबील भाजले की जिन्यात काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. एक्झॉस्ट फॅन बसवणं, दार लोटून घेणं असा उपाय शेजाऱ्याला जसा सांगतो तसा त्यांनाही सांगता येतो. त्यासाठी कुणाच्या चेहऱ्यावर बोलायची गरज नसते.

पोलिसांत जायचं ठरलं तर कायदा कुणाला कोणता लागतो ते नीट बघा, इथे गोंधळ फार होतो. मुली अनुसूचित जमातीच्या असतील (नागालँडच्या बहुतेक नागा जमाती त्या यादीत आहेत) आणि बोलणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा (ॲट्रॉसिटी) लागू होऊ शकतो. जमातीमुळे हेतुपुरस्सर केलेला अपमान किंवा जातीवाचक शिवीगाळ, तीही लोकांच्या नजरेसमोर, याला कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. सामाजिक बहिष्कार टाकणं किंवा तशी धमकी देणं हाही त्याच कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. 'लोकांच्या नजरेसमोर' हे शब्द कळीचे आहेत. बंद दाराआड बोललेलं यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. पार्किंग, गेट, जिना इथे कुणी तिऱ्हाईत हजर असेल तर बसू शकतं. तुमची साक्ष लागते ती इथे.

ठाण्यात बहुधा ऐकवलं जाईल की ही जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही, म्हणून ॲट्रॉसिटी लागत नाही. नोकरीतल्या आणि प्रवेशातल्या आरक्षणापुरता तो नियम खरा आहे. या कायद्याचं संरक्षण मात्र राज्य बदललं म्हणून संपत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या निकालाची प्रत सोबत ठेवा. दुसरी अडचण म्हणजे अदखलपात्र नोंद करून 'समज देऊन सोडलं' असं सांगणं. हा गुन्हा दखलपात्र आहे, २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अटही नाही, आणि तपास आयुक्तालय हद्दीत सहायक पोलीस आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. नोंद नाकारली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तक्रार लेखी आणि पोस्टाने गंगापूर रोडवरच्या पोलीस आयुक्तालयात पाठवा. तरी हाललं नाही तर वकिलामार्फत न्यायालयात जाता येतं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, क्रमांक १५१००. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

फिर्याद मराठीत लिहिली जाते आणि मुलींना मराठी वाचता येत नाही. सही करण्यापूर्वी ती त्यांना हिंदीत शब्द न् शब्द वाचून दाखवायला लावा. 'चिंकी' गाळून 'अपशब्द' लिहिलेलं दिसलं तर दुरुस्त झाल्याशिवाय सही होऊ देऊ नका. प्रत मोफत मिळते, ती तिथेच घ्या. जमातीचा दाखला नंतर दिला तरी चालतो, तो नाही म्हणून नोंद अडत नाही.

मुली मणिपूरच्या मैतेई किंवा आसामी असतील आणि जमातीच्या यादीत नसतील, किंवा प्रश्न आफ्रिकेतल्या विद्यार्थ्याचा असेल, तर हा कायदा नाही. मग भारतीय न्याय संहितेतली धमकी, मारहाण, विनयभंगाची कलमं आणि वंश, जन्मस्थान, भाषा यांवरून तेढ पसरवण्याचं कलम १९६ बघावं लागतं. निदो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, वाद त्याच्या केसांवरून केलेल्या थट्टेतून पेटला होता. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी स्वतंत्र कलमं सुचवली, ती कायद्यात आली नाहीत. ही पोकळी आहे आणि ती टोचते. कॉलेजच्या आवारात मात्र हत्यार आहे: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून वंश, वर्ण, प्रांत, भाषा यांवरून केलेला छळही रॅगिंगच धरला जातो. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

एकट्याने हे महिनोन्‌महिने ओढता येत नाही, म्हणून पाच-सहा जण जोडा आणि कामं वाटून घ्या. एकाकडे कागदपत्रं आणि पोच, एकाकडे पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, एखाद्या काकूंकडे रात्री उशिरा परतणाऱ्या मुलींचा फोन. याच शहरात २ मार्च १९३० ला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा चारही दरवाज्यांवर तुकड्या नेमून लोक बसले होते, आणि डॉ. आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्यांनी ते काम पुढे वर्षानुवर्षं चालवलं. पाळ्या लावल्याशिवाय ते शक्य नव्हतं. आजही नाशिकमधल्या आंबेडकरी आणि आदिवासी विद्यार्थी संघटनांतल्या कार्यकर्त्यांना ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीत काय निसटतं ते पाठ असतं. फिर्याद लिहिण्याआधी त्यांच्यापैकी कुणाला तरी दाखवा, नंतर नको.

आणि कराराची तारीख आजच विचारून घ्या. उघड भांडणात जे जमत नाही ते अकरा महिने संपताना गुपचूप उरकलं जातं: घरमालक 'पाहुणे येणार आहेत' म्हणतो आणि प्रकरण मिटलं असं सगळे धरून चालतात. दोन महिने आधी घरमालकाशी बसा, नूतनीकरणाचा मसुदा तयार ठेवा, आणि तो डगमगला तर आसपासच्या दोन-तीन सोसायट्यांत स्वतःच्या नावावर शब्द टाकून घर बघून ठेवा.