टेम्प्लेटने निवडलेले कण खरे कशावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम्पायर या क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीच्या (गोठवलेल्या प्रथिनांच्या, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या प्रतिमांच्या) खुल्या संग्रहातला १००१७ क्रमांकाचा, बीटा-गॅलॅक्टोसिडेज या प्रथिनाचा संच उतरवून घेतला, टेम्प्लेट (नमुना म्हणून घेतलेली प्रतिमा) लावून कण, म्हणजे प्रतिमेतले प्रथिनाचे एकेक रेणू, निवडले, टू-डी क्लास (सारख्या दिसणाऱ्या कणांच्या सरासरी प्रतिमा) सुरेख आले, तरी थ्री-डी नकाशा सुधारत नाही, मग थ्रेशोल्ड (टेम्प्लेटशी जुळणीच्या गुणांची किमान मर्यादा) खाली आणून कण वाढवू का?

नका वाढवू. आधी हाताशी आहेत त्या कणांची झडती घ्या.

क्लास सुरेख आले म्हणजे कण खरे, असं होत नाही. इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं प्रथिन मोडतं म्हणून मात्रा कमी ठेवावी लागते, आणि प्रतिमेत गोंगाटच जास्त उरतो. त्या गोंगाटातही टेम्प्लेटशी योगायोगानं जुळणाऱ्या जागा सापडतातच. त्या वेचून सरासरी काढली की टेम्प्लेटच परत हातात येतो. रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ साली हे दाखवलं होतं: निव्वळ गोंगाटाच्या १००० प्रतिमा आइन्स्टाइनच्या फोटोशी जुळवून सरासरी काढली, तर आइन्स्टाइनचा चेहरा उमटला! एचआयव्हीच्या आवरणावरील प्रथिनाच्या एका नकाशावरून त्याच वर्षी झालेला वाद याच मुद्द्याचा होता.

म्हणून टेम्प्लेट मुद्दाम धूसर करा, २० ते ३० अँगस्ट्रॉमपर्यंत (१ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर). त्याहून बारीक घडण क्लासमध्ये दिसू लागली, तर ती टेम्प्लेटमधून येऊच शकत नाही, प्रतिमांमधूनच आलेली असणार. मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती हीच कसोटी. क्लास टेम्प्लेटइतकेच धूसर राहिले, तर तो कचरा समजा. कणांचे दोन अर्धे संच करून त्यांचे नकाशे किती जुळतात हे सांगणाऱ्या एफएससी या आकड्यावरही इथे विसंबू नका. दोन्ही अर्धे एकाच टेम्प्लेटनं वेचलेले असले, तर दोघांत एकच खोट असते आणि आकडा उगाच चांगला येतो.

आता थ्रेशोल्डचं. कण जुळणीच्या गुणांनुसार लावा आणि थ्रेशोल्डच्या जेमतेम वर असलेल्यांचं वेगळं वर्गीकरण करा. तिथे घडण दिसली, तरच खाली उतरायला अर्थ आहे. कार्बनची कड, बर्फाचे खडे, प्रथिनाचे गठ्ठे यांना गुण भरपूर मिळतात, त्यामुळे सर्वांत वरचे कणही डोळ्यांनी पाहा.

टेम्प्लेटशिवायही एकदा निवड करा. रिलायन या सॉफ्टवेअरमधला लॅप्लासियन पर्याय फक्त आकारमान विचारतो. टोपाझ हे कण निवडणारं सॉफ्टवेअर हातानं केलेल्या थोड्या खुणांवर शिकतं आणि खूण न केलेली जागा रिकामीच आहे असं धरत नाही. मात्र कमी आणि जास्त, अशा दोन्ही डीफोकसच्या (फोकस मुद्दाम जितका हलवला त्याच्या) प्रतिमांवर खुणा करा, आणि कणाच्या सगळ्या बाजू त्यांत येऊ द्या.

या संचाची सोय अशी की हातानं निवडलेल्या कणांच्या जागाही सोबत दिल्या आहेत. तुमची निवड त्यांच्याशी ताडून पाहा: किती सुटले, किती फुकट आले.

मीही कोल्हापुरातच असते, राजारामपुरीत. लॅपटॉप घेऊन या. संचात ८४च मायक्रोग्राफ (सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या मूळ प्रतिमा) आहेत. दोघी बसलो तर एका संध्याकाळी सगळे नजरेखालून जातील.