मेणवलीचा घाट आणि वाडा पाहायला आई-वडील व लहान मुलांना घेऊन यायचं आहे. तिथे काय सोयी आहेत? दिवस चांगला जाईल का?

तुम्ही पुण्याहून येणार, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि दोन लहान मुलं. खाणं, स्वच्छतागृह, सावली, नदीत पोहणं, बोटिंग, सगळंच विचारलंय. मी वाईचा आहे, मेणवली आमच्यापासून जेमतेम तीन किलोमीटर. आधी हे सांगतो, की मेणवलीत सकाळचे दोन-अडीच तास ठेवा आणि बाकीचा दिवस वाई आणि धोमला द्या.

सुरूर फाट्याला हायवे सोडून वाईत आलात की नाश्ता तिथेच उरकून घ्या. स्वच्छतागृहाचंही वाईतच बघा, घाटावर त्याच्या भरवशावर राहू नका, विशेषतः आईंसाठी. पिण्याचं पाणी सोबत असू द्या. मेणवली हे नांदतं गाव आहे, पर्यटन केंद्र नाही, त्यामुळे तिथे जेवणाची खात्रीची सोय समजू नका. एसटीने येणार असाल तर वाई स्टँडवरून रिक्षा करणं सोपं.

वाडा नाना फडणवीसांचा. १७६८ मध्ये हे गाव नानांना मिळालं, मग त्यांनी इथे वाडा, घाट आणि देवळं उभी केली. सहा चौकांचा वाडा आहे, भिंती गढीसारख्या उंच. इतिहासाचे अभ्यासक ज्याला ‘मेणवली दप्तर’ म्हणतात ते नानांचे कागद इथलेच. मात्र वाडा आजही खाजगी मालकीचा आहे. आत जायला शुल्क असतं, कधी एखादा भाग कुलूपबंदही असतो. लाकडी जिने अरुंद आणि उंबरे उंच आहेत. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खालच्या चौकातच बसू द्या, वर चढवू नका. भिंतींवरच्या जुन्या चित्रांना मुलांचे हात लागणार नाहीत एवढं बघा. एकदा रंग निघाला की तो परत येत नाही.

मुलांसाठी खरी गंमत घाटावर आहे. चंद्रकोरीसारखा वळत गेलेला दगडी घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, आणि शेजारच्या लहानशा मंडपात टांगलेली भलीमोठी घंटा. ती सुमारे ६५० किलो वजनाची, पंचधातूची आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल कोरलेलं आहे. शंकराच्या देवळाजवळ मेरी कशी, हे मुलं विचारणारच. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या. त्यातलीच ही एक. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटाही अशीच आलेली. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता, हे मुलांना सांगा, त्यांना साल लक्षात राहील. घंटेखाली उभं राहून ती अक्षरं त्यांना स्वतः शोधू द्या, पण लोंबकळू देऊ नका.

आता कृष्णा नदीचं. मुलांना पाण्यात उतरवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. गावातली पोरं सूर मारताना दिसतील, पण त्यांना तळ माहीत आहे. वर धोम धरण आहे, तिथून पाणी सोडलं की पातळी वाढते. शिवाय पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. वरच्या पायरीवर बसून पाय मोकळे सोडण्यातही खूप सुख आहे. सकाळी दहाच्या आत आलात तर ऊन चढत नाही आणि गर्दीही नसते. हा घाट गावाच्या रोजच्या वापरातला आहे, बायका धुणं धुवायला येतात, दशक्रियेचे विधीही चालतात. तशा वेळी मोबाइल खिशात ठेवा आणि थोडं लांब बसा. थर्मोकोलच्या प्लेटा आणि पाण्याच्या बाटल्या कृष्णेत तरंगताना दिसल्या की आम्हा इथल्या लोकांचा जीव तुटतो, म्हणून आपला कचरा वाईपर्यंत परत आणा ही विनंती.

तिथून धोमला जा. नरसिंहाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात कासव आहे आणि त्याच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी असलं की कासव तरंगतंय असंच वाटतं. आई-वडिलांना फार चालावं लागत नाही. बोटिंग हवं तर ते मेणवलीत नाही, धोमच्या जलाशयावर असतं. त्या दिवशी चालू आहे का ते आधी वाईत विचारून घ्या, आणि लाइफ जॅकेट देत नसतील तर बसू नका.

परतताना वाईत जेवून ढोल्या गणपतीला जा. देऊळ १७६२ चं, पेशवाईतल्या सरदार रास्त्यांनी बांधलेलं. मागची भिंत बाहेरून जरूर दाखवा. पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फाकावं म्हणून ती माशाच्या आकाराची बांधली आहे. बाजूच्या काशी विश्वेश्वराच्या देवळात काळ्या दगडाचा मोठा नंदी आहे, आणि दुपारी टेकायला तिथे गारवाही मिळतो.

यायचं तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत या. पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली असतात आणि दगड निसरडे होतात. मुक्काम करणार असाल तर वाईतच करा. शनिवार-रविवारी पाचगणीला जाणाऱ्या गाड्यांची पसरणी घाटात रांग लागते, आई-वडिलांना त्यात अडकवू नका.